घरून काम चालू ठेवावं की ऑफिसात परत जावं?

रानवारा: आमच्या कंपनीने कळवलंय, पुढच्या महिन्यापासून पाचही दिवस हिंजवडीला या. मार्च २०२० पासून मी दापोलीहून काम करतेय. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वीज गेली, रेंज गेली, तेव्हा चिपळूणला मामांकडे मुक्काम ठोकला, पण काम अडू दिलं नाही. आता इन्व्हर्टर आहे, फायबर आहे. सासऱ्यांना पक्षाघात झालाय. सकाळी सातला त्यांचे व्यायाम करून घेते आणि साडेनऊच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, हजर असते. पुण्यात बिऱ्हाड केलं तर त्यांचं कोण बघणार?

जुना वाडा: ताई, तुमची अडचण खरी आहे, तरी मी ऑफिसच्याच बाजूने. तुम्ही अनुभवी आहात, तुमचं निभतं. माझ्या टीममधला कॉलेजातून थेट आलेला पोरगा तीन दिवस एकाच एररवर अडकून होता. मेसेज टाकायला संकोच वाटला म्हणे. शेजारी बसला असता तर त्याचा चेहरा बघूनच मी खुर्ची सरकवली असती.

रानवारा: हे पटलं. पण त्यासाठी रोज अर्धा तास त्याच्यासोबत स्क्रीन शेअर करता येते. हवं तर महिन्यातून एक आठवडा मी येते.

मोगरा: मला मात्र ऑफिसच हवं. घरी दोन खोल्या. कॉल चालू असताना आतून हाक येते, "जरा दूध बघ गं." बाई घरात दिसली की ती मोकळीच आहे असं सगळ्यांना वाटतं, समोर लॅपटॉप उघडा असला तरी. कंपनीच्या बसमधला पाऊण तास तेवढा माझा असतो.

टेकडी: घर की ऑफिस हे नंतर बघू, काम संपतं कधी ते आधी ठरवा. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. मला काल रात्री साडेदहाला "दोनच मिनिटं" म्हणून फोन आला. पावणेबाराला ठेवला.

जुना वाडा: टेकडी, हे चुकीचंच आहे, ऑफिसात जाणाऱ्यांनाही असेच फोन येतात. रानवारा, महिन्यातून एक आठवडा चालेल, पण तो सगळ्यांचा एकच हवा. तुम्ही दापोलीहून यायचं आणि समोरची खुर्ची रिकामी, मग काय उपयोग?

रानवारा: एकच आठवडा ठरत असेल तर मॅनेजरना उद्याच लिहिते. तेवढे दिवस सासऱ्यांजवळ राहशील का, असं नणंदेला विचारलंय. ती हो म्हणालीय.