उत्तर: तारकर्लीत राहायचं की मालवणात?

भाऊ, तुम्ही विचारलंय की दर्यापूरहून दिवाळीनंतर आठ जण येणार, त्यात दोन म्हातारी माणसं, तर राहायचं कुठं? म्हणून सांगतो: मुक्काम मालवणजवळच्या तारकर्लीत, समुद्रकाठी करा. वरच्या उत्तरांत काहींनी मालवण शहर सुचवलंय. तिथं एसटी, बाजार, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी जवळ, पण तारकर्लीचा किनारा सहा-सात किलोमीटरवर. म्हाताऱ्यांना रोज रिक्षात बसवायचं का?

तारकर्लीच्या पुढचं देवबाग गावही देखणं आहे, एका अंगाला कर्ली नदी, दुसरीकडं समुद्र. पण पट्टी अरुंद, दुकानं कमी, अंधार पडल्यावर रिक्षा मिळणं कठीण.

खोली ठरवताना 'समुद्र समोर' एवढ्यावर भुलू नका. मधे रस्ता आहे का, वाळूपर्यंत पावलं किती, खोली तळमजल्यावर का, संडास कमोडचा का, हे विचारा अन् व्हिडिओ मागवा. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरवर पंखा चालतो का तेही. माळकरी असाल तर वेगळ्या भांड्यांचं आधीच बोला. खोल्या देणाऱ्या बहुतेक घरी एकाच चुलीवर मासेही शिजतात. भाकर तांदळाची मिळेल, ज्वारीची विसरा.

बडनेऱ्याहून थेट रेल्वेगाडी नसेल त्या दिवशी कल्याण किंवा पनवेलला बदलून कुडाळला उतरा. तिथून मालवण तीसेक किलोमीटर.