लॅपटॉपचा जुना बॅटरी पॅक घरी उघडावा की नाही?

पडवीतला मिस्त्री, देवगड
काल इथे एकांनी लिहिलं, 'जुन्या बॅटरीत नवे सेल घालणं म्हणजे घराला काडी लावणं, सरळ नवीन घ्या.' घ्या म्हणजे कुठून? दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलची अस्सल बॅटरी आता मिळत नाही. मिळतो तो नकली माल, नाहीतर गोदामात पडून मेलेला. सहा सेलच्या पॅकमध्ये दोन-दोनच्या तीन जोड्या असतात, ११.१ व्होल्ट. एक जोडी बसली की अख्खा पॅक गेला. तेवढ्यासाठी चालता लॅपटॉप भंगारात? एकाच बॅचचे १८६५० सेल (पॅकमधले ते बोटाएवढे गोल सेल) आणा, स्पॉट वेल्डरने, म्हणजे क्षणभर वीज सोडून पट्टी चिकटवणाऱ्या यंत्राने, सेल जोडणारी निकेल पट्टी मारा. भाच्याचा पॅक मी असाच भरून दिला, कॉलेजला रोज नेतो.

खाडीपलीकडचा, दाभोळ
काल लिहिणारा मीच. पॅकमधल्या सर्किटचं काय? कित्येक पॅकमध्ये सेल सुटले की चिप कायमचं कुलूप घालते. सेल ठणठणीत, पण लॅपटॉप चार्ज घेत नाही. बाजारात ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेले सेल मिळतात, ते खोटं. त्या आकारात चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो. आमच्या शेजाऱ्याने तापलेली सोल्डरिंग गन थेट सेलवर टेकवली. फुस्स करून धूर, मग जाळ. टेबल जळलं, पोरगं शेजारीच अभ्यास करत होतं.

पडवीतला मिस्त्री
सेलवर गन टेकवू नये हे कोणीही सांगेल. त्याचं खापर माझ्यावर का? कुलूप पडतं, मान्य. म्हणून सेल काढताना सर्किटला बाहेरून तेवढाच व्होल्टेज देत राहायचं.

रापणवालो, मालवण
तुम्ही दोघांनी खारो वारो धरूकच नाय! निकेल म्हणून विकतात ती पट्टी बऱ्याचदा मुलामा दिलेली लोखंडी असते. खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी गंजून तांबूस दिसली की फेकून द्या.

वाडीतली मास्तरीण, दापोली
मुळात बॅटरीवर एवढा जीव का? लाईट टिकत नाही म्हणून! ३ जून २०२०, निसर्ग वादळ. त्यानंतर आमच्या वाडीत कित्येक आठवडे काळोख. मोबाईल चार्ज करायला लोक गाडीची बॅटरी वापरत होते. आजही पहिला पाऊस पडला की लाईनवर फांदी पडते. त्या फांद्या एप्रिलमध्ये छाटायला काय होतं?

खाडीपलीकडचा
छाटायला माणसं आली की 'माझ्या कलमाला हात लावायचा नाही' म्हणून आडवं कोण पडतं? आपल्याच वाड्या.

वाडीतली मास्तरीण
कलम म्हणजे घरची मिळकत. न विचारता अर्धं झाड उतरवतात, भरपाईचं नाव नाही. तुमची बाग असती तर असं लिहिलं असतं का?

खाडीपलीकडचा
माझीही बाग आहे, बाई. फांदी मी स्वतः उतरवून घेतो.

पडवीतला मिस्त्री
बागेसाठी वेगळा धागा काढा, इथे सेलचं चाललंय.

खाडीपलीकडचा
ठीक. वेल्डर असेल, हात बसलेला असेल, सेल एका बॅचचे असतील तर करा. पण 'आणा आणि मारा' एवढंच लिहू नका. वाचून कोणीतरी पोर स्क्रूड्रायव्हर खुपसेल. दोन व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल परत चार्ज करायचा नाही, हेही वर घाला. आणि चपट्या पाकिटासारख्या सेलचे पॅक उघडूच नका.

पडवीतला मिस्त्री
दोन व्होल्टचं घालतो. चपट्यांना मीही हात लावत नाही.

रापणवालो
आणि पट्टीचा?