बाबा यावेळी मतदानाला गेलेच नाहीत, त्यांना काय सांगू?

सिंहगडरोडकर:
नमस्कार मंडळी, विषय तसा घरचा आहे पण इथे बऱ्याच जणांनी निवडणुकीची ड्युटी केलीये म्हणून विचारतोय. माझे बाबा ७६ वर्षांचे. मला कळायला लागल्यापासून मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे. आणि यावेळी जानेवारी २०२६ ला पुणे पालिकेच्या मतदानाला गेलेच नाहीत. "आपण बटण दाबायचं, पुढं काय होतं कुणाला ठाऊक" एवढंच बोलले आणि पेपर वाचत बसले.

सुरुवात खरं तर मे २०२४ ला झाली. लोकसभेला आम्ही तिघं गेलो, बाबांचं नाव आहे, माझं आहे, आईचं नाही. पत्ता तोच, कार्ड हातात, तिथल्या माणसाने यादी दोनदा चाळली आणि म्हणाला काकू नाव वगळलंय. आई घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलली नाही. मग नोव्हेंबरात विधानसभेला संध्याकाळी ५ पर्यंत ५८.२२ टक्के सांगितले आणि शेवटचा आकडा आला ६६.०५, ते दोन्ही आकडे बाबांनी कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवलेत, कुणी आलं की दाखवतात. मला त्यांच्याशी भांडायचं नाहीये पण माझ्याकडे उत्तरही नाही. तुम्ही काय सांगाल?

निवृत्त_मास्तर:
मी शाळेत शिक्षक होतो, केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याच निवडणुका केल्यात. राज्याच्या आकड्याबद्दल मी बोलणार नाही, माझ्या खोलीत काय व्हायचं तेवढं सांगतो.

मतदान ७ ला असेल तर ५:३० ला अभिरूप मतदान म्हणजे मॉक पोल. उमेदवारांच्या एजंटांसमोर कमीत कमी ५० मतं टाकायची, मशीनचा निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते कागदावर छापून दाखवणारं यंत्र) चिठ्ठ्या एकेक करून मोजायच्या, दोन्ही जुळलं की मशीन क्लिअर करून शून्य दाखवायचं, चिठ्ठ्यांच्या मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात सील करायच्या. थंडीत पहाटे साडेपाचला किती एजंट येतात? माझ्याकडे बऱ्याचदा एक, कधी दोन, आणि तेही डोळे चोळत.

आता संध्याकाळचं. ६ वाजता दार बंद करत नाहीत, रांगेत जेवढे उभे असतील त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या देतात आणि त्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे यायच्या, म्हणजे मागून नवीन कुणी घुसत नाही. ५ चा आकडा आम्ही अंदाजाने कळवलेला असतो, तेव्हा बाहेर रांग असते आणि हातात शंभर कामं. पक्का आकडा तो नव्हेच. पक्का आकडा म्हणजे १७ सी नावाच्या फॉर्मवरचा. क्लोज बटण दाबलं की कंट्रोल युनिटवर, म्हणजे मशीनच्या आमच्याकडच्या भागावर, एकूण मतं दिसतात, ती त्या फॉर्मवर लिहायची, मशीनचे नंबर लिहायचे, सही करायची आणि हजर असलेल्या प्रत्येक एजंटला प्रत द्यायची. मोजणीला ते मशीन टेबलावर आलं की आधी हाच आकडा जुळवतात.

आणि दादा खरं सांगतो, माझा जीव तिथे तुटायचा. मी प्रती भरून हाका मारायचो आणि एजंट निघून गेलेले असायचे. वडिलांचा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर जो कागद देतो तो न्यायला माणूस नव्हता.

कोथरूड_७४:
मास्तरांचा मान राखून बोलतो. बूथवर माणसं प्रामाणिक असतात हे मान्य, माझी बहीणच ड्युटीला असते. पण सगळं ओझं मतदारावर आणि एजंटवर टाकून कसं चालेल? विश्वास मागणाऱ्याने स्वतः उघडं राहायला नको का? मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की कायदा होईपर्यंत निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश असतील, त्याच डिसेंबरात कायदा आला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी नेमलेला मंत्री आला. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणुकीची कागदपत्रं लोकांना बघू देण्याचा नियम ९३ बदलला आणि बूथचं सीसीटीव्ही फुटेज सामान्य माणसाला मागता येईनासं झालं. लोकांच्या प्रायव्हसीचं कारण देतात, बायकांचे चेहरे वगैरे, तो मुद्दा अगदीच खोटा नाही, पण कोर्टामार्फत किंवा उमेदवाराला दाखवायची वाट तरी सोपी ठेवा ना. एखादा म्हणाला की चिठ्ठीवर मी दाबलं ते आलं नाही, तर त्याच्याकडून लेखी घेऊन चाचणी मत टाकायला लावतात आणि खोटं ठरलं तर गुन्हा, मग साधा माणूस तोंड उघडेल का.

आणि आपल्या पुण्याचंच बघा. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक, २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ ला मतदान. एवढी वर्षं नगरसेवकच नव्हता, गटाराची तक्रार कुणाकडे करायची माहीत नव्हतं. मग ७६ वर्षांचा माणूस म्हणणारच की माझ्या मताची कुणाला गरज नाही. तुमचे बाबा रुसलेत असं मला वाटत नाही, त्यांना वाईट वाटलंय.

हडपसरची_मुलगी:
एक गोष्ट क्लिअर करते कारण आमच्या सोसायटीत पण हाच गोंधळ झाला. लोकसभा विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, पालिका राज्य निवडणूक आयोग घेतो, दोन वेगळी ऑफिसं. जानेवारीत व्हीव्हीपॅट नव्हतं, चार सदस्यांचा प्रभाग, एकामागून एक बटणं दाबायची आणि चिठ्ठी कुठेच दिसली नाही, त्यामुळे लोक म्हणाले बघा आता ती पण काढली. विधानसभेला ती ७ सेकंद दिसते आणि प्रत्येक मतदारसंघातल्या ५ बूथच्या चिठ्ठ्या लॉटरीने निवडून मोजतात. ५ कमी आहेत असं माझंही मत आहे.

पण मला काकूंचं जास्त लागलं. मशीनवर आपण सगळे तासभर बोलतो आणि यादीवर कुणी बोलत नाही. पहिल्या निवडणुकीत, १९५१-५२ ला, जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली होती कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको तमक्याची आई एवढंच. तेव्हापासून नाव यादीत असणं हीच बाईची पहिली लढाई आहे. काकूंचं नाव वगळलंय म्हणजे फॉर्म ८ चालणार नाही, तो दुरुस्तीचा, त्यांना परत फॉर्म ६, म्हणजे नव्याने नाव नोंदवायचा, भरावा लागेल. आजच भरा. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादी गोठते, मग हातात कार्ड असूनही उपयोग नाही. आणि भरल्यावर बीएलओ ताईंना (बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या) फोन करत राहा, त्यांच्याकडे अंगणवाडीचं काम पण असतं.

सिंहगडरोडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आईचा फॉर्म ६ काल रात्रीच भरला, फोटो तिनेच निवडला. मास्तर, तुमचं उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. १७ सी पर्यंत आलो तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि परत वाच म्हणाले. कोथरूडवाल्या दादांचं वाचल्यावर म्हणाले हा माणूस माझ्या मनातलं बोलला. आणि आज सकाळी चहा पिताना विचारतात, एजंट व्हायला वयाची अट असते का? मला काही कळेना. त्यांना डायबेटिस आहे, दिवसभर एका जागी बसणं जमायचं नाही.

निवृत्त_मास्तर:
अट नाही. त्याच मतदारसंघाचा मतदार पाहिजे आणि उमेदवाराने किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीने नमुना १० वर, म्हणजे एजंटच्या नेमणुकीच्या फॉर्मवर, सही करून द्यायला हवी, कुठल्याही पक्षाचा किंवा अपक्ष चालेल. एका उमेदवाराला एक एजंट आणि दोन बदली एजंट देता येतात, आत एका वेळी एकच बसतो. वडिलांना पहाटेचा मॉक पोल आणि संध्याकाळचा शेवटचा भाग द्या, मधे तुम्ही बसा. डबा बरोबर ठेवा.