मदत हवी आहे: इंदूरमध्ये मराठीत लिहिलेल्या मृत्युपत्राची नोंदणी

नमस्कार. सुदामानगरातले आमचे घर आईच्या स्वतःच्या नावावर आहे. वडील हयात नाहीत. आम्ही तीन भावंडे असून दादा पुण्याला असतो, मी इंदुरातच सासरी आहे आणि धाकटी अविवाहित बहीण आईजवळ राहते. बहिणीला हे घर हयातभर राहायला मिळावे आणि तिच्या पश्चात ते दोन्ही नातवंडांना समान जावे, अशी आईची इच्छा आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे आम्हा तिघांना सारखा वाटा मिळेल. आज आमच्यात वाद नाही. परंतु उद्या कोणाच्या वारसांनी वाटणी मागितली, तर बहिणीला राहते घर सोडावे लागेल, आणि नेमके तेच मला होऊ द्यायचे नाही.

आईला मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, मराठीत लिहायचे आहे. आपण काय लिहून देत आहोत हे ओळ न् ओळ आपल्याला कळले पाहिजे, हा तिचा आग्रह मला अगदी रास्त वाटतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ मध्ये भाषेची अट नाही. आईची सही आणि ती सही करताना पाहणाऱ्या किमान दोन साक्षीदारांनी तिच्यासमोर केलेल्या सह्या पुरतात. नोंदणीही ऐच्छिक आहे. तरीही सहीबद्दल पुढे शंका निघू नये म्हणून आम्हाला ती करायची आहे, आणि अडचण तिथेच आहे. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १९ नुसार, अधिकाऱ्याला न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सर्वसाधारणपणे न वापरल्या जाणाऱ्या भाषेतील दस्तासोबत तिथल्या प्रचलित भाषेतला खरा अनुवाद व खरी नक्कल द्यावी लागते. होळकरांच्या या शहरात मराठीला आज ही अट लावतात का? आपल्यापैकी कोणी अशी नोंदणी केली असल्यास हिंदी अनुवाद कोणाकडून करून घेतला, आणि दोन्हींत फरक निघाल्यास मराठी मजकूर प्रमाण मानावा असे मृत्युपत्रातच लिहिले का, हे कृपया सांगावे.

साक्षीदार म्हणून आईला भजनी मंडळातल्या तिच्याच वयाच्या दोन मैत्रिणी हव्या आहेत. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करताना हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराची साक्ष लागते, त्यामुळे शेजारच्या एखाद्या तरुण व्यक्तीला तिसरा साक्षीदार करावे असे मला वाटते. आईच्या बँक खात्यावर दादा नॉमिनी आहे. तो पैसा मालक म्हणून नव्हे, तर वारसांच्या वतीने स्वीकारेल हे आम्हा सर्वांना मान्य आहे, तरी मृत्युपत्रात खात्याचाही उल्लेख करणार आहोत.

नोंदणी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. इंदूरला कोणी ती वापरली आहे का, आणि आईच्या पश्चात ते पाकीट उघडून घेताना वारसांना काय काय करावे लागले?