आइसलँड इतकंही गोठलेलं नाहीये
बारा महिने बर्फ, मुलांना घेऊन जाऊच नका, असं आइसलँडच्या सहलीबद्दल कोणीतरी लिहिलंय, पण तसं अजिबात नाहीये हो! उबदार सागरी प्रवाहामुळे तिथल्या राजधानीचं, रेक्याविकचं जानेवारीतलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं, खरा त्रास वाऱ्याचा, भाड्याच्या गाडीचं दार उघडताना घट्ट धरा नाहीतर वारा ते पार उलटं फिरवतो आणि ते नुकसान इन्शुरन्समध्ये बऱ्याचदा धरत नाहीत. आणि प्लीज नॉर्दर्न लाइट्ससाठी (रात्रीच्या आकाशात दिसणारे रंगीत प्रकाश) जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा रात्री अंधारच पडत नाही, सप्टेंबर ते मार्च बघा. पाण्याच्या बाटल्याही नकोत, नळाचं थंड पाणी बिनधास्त प्या, गरम पाण्याला गंधकाचा वास येतो कारण ते बऱ्याच ठिकाणी थेट जमिनीखालून येतं.