मामाच्या पार्लरचे तीन आर्केड बोर्ड सापडलेत, घरी चालू करून बघायचेत

लातूरकर_९१:

नमस्कार मंडळी. मामाचं गंजगोलाईच्या मागं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, मोबाईल आले तसं गिऱ्हाईक तुटलं आणि बंद पडलं, लाकडी कपाटं गेली भंगारात पण आतले बोर्ड मामानं गोणपाटात गुंडाळून जुन्या घरातल्या संदुकात ठेवलते. परवा माळवद उतरवायच्या आधी सामान काढलं त्यात तीन निघाले. एक मुस्तफा गेमचा (मामाच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे), दुसऱ्यावर निओ जिओ लिहिलंय आणि कॅसेट घालायची खाच आहे, त्याच्या एका कोपऱ्यातली बॅटरी फुटून हिरवं-पांढरं झालंय. तिसरा कशाचा ते कळंना. मी आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलंय, सोल्डरिंग येतं, पण हे बोर्ड कधी जोडले नाहीत. कपाट बनवायचं नाहीये, टेबलावर मांडून कोणताही बोर्ड लावून बघता येईल असं काहीतरी करायचंय. घरी जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लायचा डबा) आहे आणि एलईडी टीव्ही आहे. तेवढ्यावर भागल का? मामा आता सत्तरीचा आहे, त्याच्यासमोर मुस्तफा चालू करून दाखवायचाय, म्हणून बोर्ड जळू द्यायचा नाही, अजून लाइट दिली नाही कशालाच.

बेंचवाला_संभाजीनगर:

लाइट दिली नाहीस हे लै चांगलं केलंस भावा. आधी बोर्डाची सोनेरी कड मोज. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ अशा ५६ पट्ट्या असतील तर तो जामा. १९८५ पासून जपानी कंपन्यांनी हे एकच जोडणं ठरवून घेतलं म्हणून तर पार्लरवाले संध्याकाळी एक बोर्ड काढून दुसरा लावायचे, कपाट तेच. आपल्याला टेबलावर करायचंय ते म्हणजे कपाटाची फक्त वायरिंग. बाहेरचे लोक त्याला सुपरगन म्हणतात.

कनेक्टर ३.९६ मिमी पिचचा (म्हणजे दोन पायांमधलं अंतर) ५६ पायांचा घे. आता नीट वाच. ७ नंबरच्या जागी बोर्डात खाच असते आणि कनेक्टरमध्ये त्या जागी प्लास्टिकची चकती घालायची असते, तिला की म्हणतात. नवीन कनेक्टरसोबत ती बऱ्याचदा येत नाही आणि लोक तसंच वापरतात. चकती नसली तर कनेक्टर उलटा पण बसतो, आणि उलटा बसला की १२ व्होल्टचा ६ नंबर बरोबर २३ नंबरवर जातो, म्हणजे दोन्ही खेळाडूंच्या दुसऱ्या बटणावर, आणि तिथली इनपुटची आयसी पाच व्होल्टची असते, ती तिथंच संपली. माझा स्वतःचा एक चांगला बोर्ड असाच गेला, लाइट गेली होती आणि टॉर्चच्या उजेडात लावायलो होतो. त्या दिवसापासून चकती नसलेला कनेक्टर माझ्या टेबलावर येत नाही.

पाय सांगतो, पुढच्या बाजूनं म्हणजे आयसी दिसतात त्या बाजूनं. १, २ आणि २७, २८ ग्राउंड, ३ आणि ४ पाच व्होल्ट, ५ उणे पाच, ६ बारा व्होल्ट, १० स्पीकर, १२ लाल, १३ निळा, १६ कॉइन, १७ स्टार्ट, १८ ते २१ वर-खाली-डावं-उजवं, २२ पासून बटणं. मागच्या बाजूला १ ते ६ आणि २७, २८ तेच, १० च्या मागं स्पीकरची दुसरी तार, १२ च्या मागं हिरवा, १३ च्या मागं सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल), १६ ते २६ दुसऱ्या खेळाडूचं. ग्राउंड आणि पाच व्होल्टचे दोन्ही बाजूचे सगळे पाय जोड, एका पायावर भागवू नकोस. बटणाला व्होल्टेज द्यायचं नसतं, पाय ग्राउंडला टेकवला की बटण दाबलं असं बोर्ड समजतो, त्यामुळं पहिल्या दिवशी जॉयस्टिक आणायची पण गरज नाही, दारावरच्या बेलची साधी बटणं लाव.

परभणी_वायरमन:

वरचं सगळं बरोबर पण कुणीच अर्थिंग विचारलं नाही. माळवदाच्या घरात अर्थिंग असल का? कॉम्प्युटर एसएमपीएसच्या आत फिल्टरचे दोन कपॅसिटर मेनवरून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ तुटलेला असला की बॉडीवर ११५ व्होल्टच्या आसपास बसतं, करंट बारीक असतो, हाताला नुसत्या झिणझिण्या येतात, पण तीच बॉडी म्हणजे तुझ्या बोर्डाचा ग्राउंड, आणि टीव्ही वेगळ्या सॉकेटवर असला की केबल लावताना ते सगळं आयसीतून जातं. टीव्ही आणि टेबलावरची मांडणी एकाच स्विचबोर्डाच्या सॉकेटवर घे आणि केबली लाइट बंद असतानाच लाव. आणि आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच राहतो, एप्रिल-मे मध्ये त्यात दोन बादल्या पाणी टाकत जा. मी हे शेतातल्या मोटरींवर रोज बघायलोय.

लातूरकर_९१:

धन्यवाद दोघांना. कनेक्टर आला, चकती घातली, वायरिंग केली. अर्थिंग खरंच नव्हतं, चुलतभावाच्या नव्या घरात टेबल मांडलंय. बोर्ड न लावता एसएमपीएस ५.०८ दाखवतो, मुस्तफा लावला की बोर्डावर ४.६१ येतात आणि आवाज नाही काही नाही. कॉम्प्युटरच्याच वायरी वापरल्यात, लांब करून.

बेंचवाला_संभाजीनगर:

ते अर्धा व्होल्ट तुझ्या वायरीत आणि जोडात चाललंय. ४.६ वर बोर्ड नीट चालत नाही, आणि माणसाला वाटतं बोर्डच खराब आहे. चांगले बोर्ड या एका कारणानं भंगारात गेलेले मी बघितलेत. मीटर एसएमपीएसवर लावू नकोस, बोर्डाच्या लांबच्या कोपऱ्यातली चौदा पायांची ७४ सीरिजची आयसी धर, बहुतेकांत ७ नंबरला ग्राउंड आणि १४ ला पाच व्होल्ट असतात, तिथं ४.९५ ते ५.०५ पाहिजे.

कॉम्प्युटर एसएमपीएसचे पाच व्होल्ट कमीजास्त करता येत नाहीत. दुकानांवर पळत्या अक्षरांचे एलईडी बोर्ड असतात ना, त्यांच्या मागं पाच व्होल्टचा पत्र्याचा एसएमपीएस असतो, त्याच्या टर्मिनलशेजारी बारीक स्क्रू असतो, त्यानं व्होल्टेज सेट होतं. लातुरात फ्लेक्सवाल्याकडं मिळल. बारा व्होल्टला साधा दोन अँपिअरचा अॅडॉप्टर वेगळा घे आणि दोघांचा ग्राउंड एक कर. उणे पाच फार थोड्या जुन्या बोर्डांना लागतं, तुझ्या मुस्तफाला नाही. फक्त एक, तो एलईडीवाला एसएमपीएस ४० अँपिअरचा पण असतो, बोर्डात शॉर्ट असला तर तो थांबायच्या आधी कॉपरचा ट्रॅक उडतो, म्हणून पाच व्होल्टच्या तारेत ५ अँपिअरचा फ्यूज टाकल्याशिवाय चालू करू नकोस. आणि कोणताही नवीन बोर्ड लावायच्या आधी पाच व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये ओहम मोज, शून्याजवळ आला तर लावायचा नाही.

जालना_रेट्रो:

चित्राचं मी सांगतो कारण मी त्यातच सहा महिने घालवलेत. बोर्डातून निघतं ते १५ किलोहर्ट्झचं आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगवेगळा), एलईडी टीव्हीच्या व्हीजीएला ३१ लागतं, सरळ जोडलं तर टीव्ही नो सिग्नल म्हणणार. मधे जीबीएस ८२०० नावाचा कन्व्हर्टर बोर्ड टाक, ऑनलाइन मिळतो. पण बोर्डाचे रंग कपाटातल्या मॉनिटरच्या हिशोबाचे असतात, तीन व्होल्ट किंवा त्याहून वर, आणि कन्व्हर्टरला ०.७ व्होल्ट पाहिजेत. लाल, हिरवा, निळा तिन्ही तारांत एकेक १ किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूनं कमीजास्त होणारा रेझिस्टर) टाक, आधी पूर्ण रेझिस्टन्सवर ठेव आणि चित्र येईल तसं कमी करत जा, कारण प्रत्येक बोर्डाचं व्होल्टेज वेगळं असतं. सिंकच्या तारेत ४७० ओहम.

स्पीकरच्या दोन्ही तारा थेट आठ ओहमच्या स्पीकरलाच जोड, त्यातली एक ग्राउंडला टेकवू नको किंवा टीव्हीच्या ऑडिओत घालू नको, बऱ्याच बोर्डांत दोन्ही तारांवर अॅम्प्लिफायर असतो आणि तो जातो.

जुन्या कपाटाचा मॉनिटर कुणी फुकट दिला तरी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नको, त्याचा चॅसिस बऱ्याचदा थेट मेनवर असतो.

आणि मुस्तफाबद्दल, खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम १९९३. तिसऱ्या खेळाडूचा कनेक्टर बोर्डावर वेगळा असतो, जामात दोघांचंच येतं, बटणं दोनच, मार आणि उडी. बोर्डावर क्यूसाउंड लिहिलेलं असलं तर तो अस्सल, त्यात आवाजाच्या प्रोसेसरची चावी (प्रोग्रॅमचं कुलूप उघडणारा कोड) बॅटरीवर जिवंत असते, ती बॅटरी कुतूहल म्हणून काढू नकोस. आपल्याकडं बूटलेग म्हणजे नकली बोर्डच जास्त आले, त्यात ती भानगड नाही. निओ जिओची फुटलेली बॅटरी मात्र आजच कापून काढ, ते पाणी रोज ट्रॅक खायलंय. व्हिनेगर ब्रशनं लाव, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल.

लातूरकर_९१:

काल रात्री झालं. एलईडीवाला एसएमपीएस, जाड वायर, लांबच्या आयसीवर ५.०१. पहिल्यांदा सगळं हिरवट-निळं आलं, लाल नव्हताच, १२ नंबरचा माझाच जोड कच्चा होता, परत सोल्डर केला. आज सकाळी मामाला बसवलं. कॉइनची तार मी ग्राउंडला टेकवली, तो टक्‌ आवाज आल्यावर मामा काही बोलला नाही, स्टार्टचं बेलबटण त्यानंच दाबलं. बूटलेग आहे, आवाज थोडा कर्कश, पण अख्खी दुसरी स्टेज खेळला.

निओ जिओला बॅकअप रॅम एरर येतोय, पत्ता डी०००००. व्हिनेगर केलं, बॅटरी काढली. पुढं?

बेंचवाला_संभाजीनगर:

वाचून लै बरं वाटलं. निओ जिओत बॅटरीच्या शेजारीच बॅकअप रॅम असते, पाणी तिच्याच ट्रॅकवर गेलंय. रॅमच्या प्रत्येक पायापासून ट्रॅक जिथं जातो तिथपर्यंत मीटरची बीप बघ, ट्रॅक वरून हिरवा दिसला तरी आतून तुटलेला असतो, आणि बोर्डाच्या आरपार जाणारी बारीक छिद्रं आधी बघ, गंज तिथं पहिला लागतो. तुटलेला सापडला की त्याची दोन टोकं बारीक एनॅमल तारेनं वरून जोड. फोटो टाक दोन्ही बाजूंचे, रॅमच्या आसपासचे, उजेडात काढलेले.