थॅलियम पुरे की पेटच पाहिजे?

तालमीतला:
आमचे आबा एकाहत्तरचे. तीन वर्षांमागं हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, साखर आहे, पण गुडघे अजून शाबूत. हल्ली जिना चढताना छातीत भरून येतं, म्हणून डॉक्टरांनी स्ट्रेस थॅलियम, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतंय का ते बघायची तपासणी, सांगितली. त्यावरून घरात दोन तट पडलेत. पुण्याचा भाचा फोनवर म्हणतो, "मामा, थॅलियम आता जुनी झाली. आजोबांना इकडं आणा, पेट स्कॅन करू."

माझं मत सरळ आहे. दोन्हीकडं शिरेतून किरणोत्सारी औषध द्यायचं, रक्त जिथवर पोचतं तिथवर ते पोचतं, आणि कॅमेरा त्याचं चित्र काढतो. एकदा हृदयाला ताण देऊन (चालवून नाहीतर औषधानं), एकदा आरामात. ताणात फिकं आणि आरामात भरलेलं दिसलं तर रक्त कमी पडतंय, दोन्हीत फिकं असेल तर बहुधा जुना व्रण. एवढं कळायला थॅलियमचा गॅमा कॅमेरा पुरतो. पेट सरस असेल, पण सरस आहे म्हणून प्रत्येकानं कोल्हापूरहून पुण्याचा हायवे धरायचा का?

जुना टेक्निशियन:
आधी नावाचा घोळ मिटवतो. लोक थॅलियम म्हणतात, पण सुई बहुतेक वेळा टेक्नेशियमची असते. थॅलियम-२०१ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा वेळ) ७३ तास, टेक्नेशियमचं ६. त्यामुळं टेक्नेशियमची मात्रा जास्त देऊनही अंगावर किरणं कमी पडतात आणि चित्रही स्वच्छ येतं. भाचेसाहेब 'जुनी' म्हणतात ती खरी थॅलियम असेल तर मान्य.

आणि रिपोर्टवर 'डिफेक्ट' वाचून घाबरू नका. एका बाईंना वाटलं हृदयाला भोक पडलंय, कॅमेऱ्याच्या खोलीबाहेरच रडायला लागल्या. इथं डिफेक्ट म्हणजे औषध कमी पोचलेली जागा. भोक बघायला इको असतो.

सातवी गल्ली:
तालमीतले दादा, मी तुमच्या विरुद्ध. माझ्या आईची हीच तपासणी गॅमा कॅमेऱ्यावर झाली. पुढच्या भिंतीला डिफेक्ट आला, अँजिओग्राफी केली, नळ्या स्वच्छ! तिथं काम करणाऱ्यानंच नंतर सांगितलं, स्तनाच्या जाडीत किरणं अडतात आणि तेवढा भाग फिका दिसतो. पेटमध्ये किती किरणं अडली ते मोजून चित्र दुरुस्त करतातच. आठ दिवस आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तो खर्च 'स्वस्त तपासणी'च्या हिशोबात कोण धरतं?

तालमीतला:
ताई, कबूल. पण ती दुरुस्ती गॅमा कॅमेऱ्यालाही सीटी स्कॅन जोडून होते ना?

जुना टेक्निशियन:
होते, जोडलेलं असेल तर. नसेल तर पालथं झोपवून परत चित्र काढायचं. पुरुषांत छाती-पोटामधल्या पडद्यामुळं खालची भिंत फिकी दिसते, पालथं केलं की बऱ्याचदा ती भरते. पण त्याला वेळ लागतो, आणि बाहेर रांग असली की काही ठिकाणी हे गाळतात. म्हणून आधीच विचारा.

पांढरा रस्सा:
धाग्यानं पेट घेतला म्हणायचा!

मुद्द्याचं बोलतो. गॅमा कॅमेरा तुलना करतो. समजा पेठेत सगळ्याच घरांत नळाला निम्म्या दाबानं पाणी आलं. शेजाऱ्याची बादली बघून कुणालाच कळणार नाही की आपल्याला कमी मिळतंय. हृदयाच्या तिन्ही नळ्या सारख्याच बारीक झाल्या तर असंच होतं, चित्र एकसारखं आणि रिपोर्ट नॉर्मल. पेट सांगतं की एका ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिली रक्त मिळतंय. आबांना साखर आहे, म्हणजे असा धोका त्यांनाच जास्त. जरा विचार करा, भावा.

जुना टेक्निशियन:
रस्सेवाले, दाखला झकास. पण तिथंही खुणा असतात. ताणानंतर डावा कप्पा फुगलेला दिसला किंवा पंपिंग खाली आलं, तर नॉर्मल चित्रावर विश्वास ठेवायचा नसतो. जाणता डॉक्टर ते बघतोच.

आता पेटच्या औषधांचं गणित. किरणोत्सारी अमोनियाचं अर्धायुष्य १० मिनिटं. पुण्यात तयार करून गाडी सोडली तर तासाभरात खंबाटकी घाट येईस्तोवर चौसष्टावा भाग उरतो. म्हणून ते तयार करणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, दवाखान्याच्या आवारातच लागतं. रुबिडियम तर ७६ सेकंदांचं. ते जिथून ताजं काढतात तो जनरेटर खाटेशेजारी ठेवतात, तो महागडा आणि महिना-दीड महिन्यानं बदलावा लागतो. शिवाय रुबिडियम देऊन माणसाला ट्रेडमिलवर पळवता येत नाही, ताण औषधानंच द्यायचा. आबांचे गुडघे शाबूत आहेत म्हणता, मग ते किती चालले, कधी धाप लागली, ही माहिती सोन्यासारखी. ती का घालवायची?

सातवी गल्ली:
किरणांचंही सांगा की. सोयीचं तेवढंच का?

जुना टेक्निशियन:
सांगतो, तिथं पेट जिंकतं. टेक्नेशियमच्या दोन सुया मिळून साधारण १० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप), पेटवर २ ते ४. निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. एकाहत्तरीत हा फरक मी मनावर घेणार नाही, चाळिशीच्या बाईला मात्र घेईन.

रंकाळ्यावरचा:
भाचा कदाचित एफडीजीबद्दल बोलत असेल, म्हणजे पेटचंच दुसरं औषध, किरणोत्सारी साखर. तो प्रश्नच वेगळा. झटक्यात गेलेला स्नायू मेला की नुसता झोपलाय, हे एफडीजी सांगतं. त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं. चार तासांच्या प्रवासातही जवळपास चौथा हिस्सा उरतो, म्हणून ते गाडीनं आणता येतं. साखरवाल्यांची मात्र तयारी नीट करावी लागते, नाहीतर चित्र बिघडतं.

पण 'स्नायू जिवंत आहे, टाका स्टेंट' एवढं ते सोपं नाही. २०२२ च्या रिव्हाइव्हड चाचणीत पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ३५ टक्के किंवा त्याखाली आणि स्नायू जिवंत असलेलेच रुग्ण घेतले होते. स्टेंट घालूनही मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरनं दवाखान्यात जाणं कमी झालं नाही. फोटो कितीही देखणा निघो, त्यावर करणार काय, हे आधी विचारा.

पांढरा रस्सा:
रंकाळेकर, आबांचा प्रश्न पंपिंगचा नाही, जिन्यावरच्या छातीचा आहे. तुमची चाचणी इथं लावू नका.

तालमीतला:
रस्सेवाल्यांचं पाण्याचं उदाहरण डोक्यातून जाईना झालंय. तरी सुरुवात इथंच करतो. मंगळवारची वेळ मिळालीय. पालथं झोपवणार का, सीटी आहे का, हे उद्या विचारून ठेवतो. रिपोर्ट नॉर्मल आला आणि जिन्यावर दुखायचं थांबलं नाही, तर भाच्याला फोन.

अडचण वेगळीच आलीय. आदल्या दिवसापासून चहा बंद म्हटल्यावर आबा बिघडलेत. ट्रेडमिलच आहे तर चहाचं काय, म्हणतात.

जुना टेक्निशियन:
पुरेसं चालणं झालं नाही तर ऐनवेळी औषधानं ताण द्यावा लागतो, आणि चहा-कॉफी पोटात असली की ते औषध नीट लागत नाही. परत घरी, परत नवी तारीख. गोळ्या कुठल्या थांबवायच्या ते मात्र डॉक्टरांनाच विचारा, मनानं नको.

आबांना सांगा, सुईनंतर बऱ्याच ठिकाणी दूध प्यायला लावतात, यकृतातलं औषध लवकर खाली सरकावं म्हणून. गंगावेशीतनं लोटीभर घेऊन जा.

तालमीतला:
सांगितलं. म्हणाले, म्हशीचं असलं तर येतो.